सुधारणेला अ‍ॅम्पल वाव

अरविंद कुंटे मला कधीच आवडले नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कोणाचा गैरसमज व्हायला नको. गेल्या महिन्यात इथल्या मराठी मंडळाने त्यांचा सत्कार केला. चार जण त्यांच्याबद्दल फार गोड बोलले. शिस्तीचा माणूस, मोजकं बोलणारा माणूस, वगैरे. त्यांच्या हाताखाली बारा वर्षं काम केलेला मी एकटाच त्या हॉलमध्ये होतो आणि मला कोणी बोलायला सांगितलं नाही. म्हणून हे लिहितो आहे.

आमचा कारखाना नाचारमला, परराज्यातल्या या शहराच्या कडेला. विजेवर चालणारे पाण्याचे पंप बनवतो. मी बी.कॉम. होऊन इथे लागलो आणि आस्थापना विभागात हेडक्लार्क झालो. तेव्हाच्या दोनशे बारा माणसांच्या रजा, बढत्या, गोपनीय अहवाल हे सगळं माझ्या टेबलावरून जायचं. येत्या मार्चमध्ये मी निवृत्त होतो. कुंटे शहाऐंशी साली पुण्याहून पर्सोनेल ऑफिसर म्हणून आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांचा तो शब्द साऱ्या कारखान्याला माहीत झाला. अ‍ॅम्पल.

मराठीत 'भरपूर' म्हणायला त्यांची काही हरकत नसावी, पण ते कधी म्हणाले नाहीत. कँटीनवाल्याने विचारलं की साखर वाढवू का, तर अ‍ॅम्पल आहे. असेंब्लीतल्या पोरांनी पंखा मागितला, तर खिडक्या अ‍ॅम्पल आहेत. दोन वर्षांनी मिळणारा रेनकोट एका उन्हाळ्यात उंदरांनी कुरतडला तेव्हा ते म्हणाले, छत्र्या बाजारात अ‍ॅम्पल मिळतात. सुरुवातीला आम्ही हसायचो. कँटीनमध्ये एकमेकांच्या ताटात डाळ वाढताना 'अ‍ॅम्पल, अ‍ॅम्पल' म्हणायचो. माझ्या लक्षात यायला वर्षभर लागलं की हा शब्द ते नेहमी दुसऱ्याच्या ताटाकडे बघून वापरतात. स्वतःच्या वाट्याबद्दल तो त्यांनी वापरलेला मी बारा वर्षांत एकदाही ऐकला नाही. दिवाळीला कंपनीकडून मिठाईचा डबा मिळायचा. प्रत्येकाला सारखाच. कुंटे तो हातात घेऊन जरा तोलायचे आणि म्हणायचे, "यंदा थोडा कमी वाटतोय."

त्यांच्या घरी मी एकदाच गेलो. सही हवी होती आणि ते तापाने घरी होते. त्यांच्या पत्नी सुनंदाबाईंनी पोहे आणले. माझ्या बशीत दुसरा डाव घालायला त्या वाकल्या तेवढ्यात आतल्या कॉटवरून आवाज आला, "अ‍ॅम्पल झालं." बाईंचा हात जागच्या जागी थांबला. दारापर्यंत सोडायला आल्या तेव्हा हळूच म्हणाल्या, "राग मानू नका. त्यांनी तो शब्द म्हटला की मी पातेलं झाकते. आता सवय झाली." नंतर पुष्कळ वेळा मला त्या बाईंची आठवण आली. आम्ही तर संध्याकाळी साडेपाचला सुटायचो.

न्याय म्हणून हेही लिहितो की कुंट्यांनी कोणाचा पैसा खाल्ला नाही आणि ते कधी उशिरा आले नाहीत. बसमध्ये नारायणगुड्याला सगळ्यांत आधी चढणारे तेच.

ती कंपनीची बस. नारायणगुड्याहून निघायची, विद्यानगर, तारनाका करत नाचारमला जायची. बत्तीस सीट आणि माणसं चाळीस. कुंटे ड्रायव्हरच्या मागच्या दोघांच्या सीटवर खिडकीशी बसायचे आणि शेजारी आपली ब्रीफकेस ठेवायचे. कोणी जवळ येऊन उभं राहिलं की मान न वळवता म्हणायचे, "मागे अ‍ॅम्पल जागा आहे." मागे माणसं दांडीला लोंबकळत असायची. ड्रायव्हर यादगिरी आरशातून आमच्याकडे बघून डोळे मिचकावायचा.

नारायणगुड्यालाच उत्तमराव सरवदे चढायचा. मूळचा देगलूरकडचा, इथे येऊन टेस्ट बेंचवर लागलेला. तयार झालेला प्रत्येक पंप त्याच्याकडे जायचा. मीटर असायचे, पण तो आधी पंपावर हात ठेवायचा, मान वाकडी करून ऐकायचा आणि म्हणायचा, "ह्याच्या बेअरिंगला काहीतरी झालंय." मग मीटर तेच सांगायचे. त्याच्या बेंचवरून गेलेला पंप परत आल्याचं मला आठवत नाही. तो मधल्या रांगेत बसायचा आणि शेजारच्या सीटवर आपली डब्याची पिशवी ठेवायचा. विद्यानगरला मी चढलो की पिशवी उचलून मांडीवर घ्यायचा. "या लक्ष्मणराव. तुमच्यासाठी मारामारी करून ठेवली." रोजचं वाक्य, रोज तेच. त्याची पिशवी माझ्यासाठी असायची. कुंट्यांची ब्रीफकेस कोणासाठीच नसायची.

ब्याण्णवच्या फेब्रुवारीत उत्तमरावची आई गेली. गावाकडून तार आली. त्याने सात दिवसांच्या रजेचा अर्ज केला आणि मी तो घेऊन त्याच्यासोबत कुंट्यांच्या केबिनमध्ये गेलो. कुंट्यांनी अर्ज वाचला, सातावर रेघ मारली आणि तीन लिहिले.

"तीन दिवस अ‍ॅम्पल आहेत," ते म्हणाले. मग पेनाला टोपण लावत, अगदी साध्या आवाजात, "तुमच्यात तेरावं वगैरे नसतं ना?"

उत्तमरावने तो अर्ज उचलून हातात घेतला.

"नसतंय साहेब," तो म्हणाला. "आई असती."

तो गेला आणि आठव्या दिवशी कामावर आला. चार दिवसांचा पगार कापला गेला, त्याने कुरकुर केली नाही. मला वाटलं, संपलं. पण कुंट्यांचं संपलं नव्हतं.

आमच्याकडे दर एप्रिलला प्रत्येकाचा गोपनीय अहवाल लिहिला जातो. वरिष्ठ लिहितो, त्याचा वरिष्ठ सही करतो, वाटल्यास पर्सोनेल ऑफिसर खाली आपला शेरा टाकतो आणि बंद पाकीट माझ्याकडे येतं. मी ते उघडून श्रेणी रजिस्टरमध्ये उतरवतो आणि अहवाल लोखंडी कपाटात ठेवतो. किल्ली माझ्याकडे. अहवालात प्रतिकूल शेरा असेल तर तो सहा आठवड्यांच्या आत त्या माणसाला लेखी कळवावा लागतो आणि त्याला उत्तर द्यायची संधी असते, असा नियम आहे. नियम चांगला आहे. माणसाला आपल्यावर काय लिहिलंय ते कळलं पाहिजे.

त्या एप्रिलला उत्तमरावच्या अहवालात त्याच्या फोरमनने 'उत्तम' लिहिलं होतं. खाली कुंट्यांची एक ओळ होती, त्यांच्या त्या टोकदार, उभ्या इंग्रजी अक्षरात. 'अ‍ॅम्पल स्कोप फॉर इम्प्रूव्हमेंट.' सुधारणेला भरपूर वाव.

मी वाचलं आणि मला कळलं. हा शेरा दिसायला वाईट नाही. कोणाही माणसात सुधारणेला वाव असतो. प्रतिकूल म्हणावा इतका तो कडक नाही, म्हणून कळवायला नको. कळवला नाही म्हणून उत्तर येणार नाही. पण वाचणाऱ्याच्या मनात शंका मात्र राहणार. साऱ्या कारखान्यात तो शेरा फक्त उत्तमरावच्या वाट्याला आला होता. बाकी दोनशेअकरा अहवाल मी स्वतः पाहिले होते.

पुढच्या एप्रिलला तीच ओळ. त्याच्या पुढच्याही. फोरमन दर वर्षी 'उत्तम' लिहायचा आणि कुंटे दर वर्षी त्याखाली तोच वाव ठेवायचे. मी उतरवून घ्यायचो आणि कपाट बंद करायचो. गोपनीय म्हणजे गोपनीय, असं मी स्वतःला सांगत होतो. सकाळी बसमध्ये उत्तमराव पिशवी उचलायचा आणि मी त्याच्या शेजारी बसायचो.

मधल्या काळात बाहेरचं जग बदललं होतं. एक्क्याण्णवनंतर बाजारात नवे पंप आले, हलके, रंगीत, कोइंबतूरचे आणि परदेशी बनावटीचे. आमचा पंप तीस वर्षं टिकायचा, पण तीस वर्षं टिकणारी वस्तू आता कोणाला नको होती. बेगम बाजारातले व्यापारी तोंडावर सांगायचे की तुमचा माल उचलायला दोन हमाल लागतात. शहाण्णवच्या शेवटी कंपनीने ठरवलं की तीस माणसं कमी करायची. त्यांना दिलेला शब्द होता 'सरप्लस'. माणूस जास्त झाला, एवढाच त्याचा गुन्हा.

नावं ठरवायला समिती बसली. वर्क्स मॅनेजर, मुंबईहून आलेला हर्षद नावाचा तिशीतला सल्लागार, आणि सचिव म्हणून कुंटे. कसोटी एकच, शेवटच्या पाच वर्षांचे गोपनीय अहवाल.

सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत कच्ची यादी माझ्याकडे टाइप करायला आली. नवव्या क्रमांकावर उत्तमराव सरवदे, वय एकावन्न, सेवेची सात वर्षं शिल्लक. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, सलग पाच वर्षं सुधारणेला अ‍ॅम्पल वाव.

मी ते पान टाइपरायटरमधून काढून टेबलावर ठेवलं आणि पाणी प्यायलो. एकावन्नाव्या वर्षी टेस्ट बेंचच्या माणसाला नाचारमला काय, कुठेच कोणी घेणार नव्हतं. नव्या कारखान्यांत हात ठेवून ऐकणारा माणूस लागत नव्हता, पडद्यावर आकडे यायचे. म्हणजे ही नववी ओळ गेली की उत्तमराव घरी बसणार आणि शेवटपर्यंत बसूनच राहणार.

मी एक टिपण लिहिलं. त्यात उत्तमरावची बाजू घेतली नाही, कुंट्यांवर आरोप केला नाही. एवढंच लिहिलं की हा शेरा प्रतिकूल मानायचा असेल तर तो पाचही वर्षं कर्मचाऱ्याला कळवलेला नाही, आणि न कळवलेला शेरा नियमाप्रमाणे वापरता येत नाही. तो प्रतिकूल मानायचा नसेल तर तो माणसाला कामावरून काढण्याचं कारण होऊ शकत नाही. खाली नियमाचा क्रमांक टाकला, आवक-जावक रजिस्टरमध्ये नोंद केली आणि फाईल थेट वर्क्स मॅनेजरकडे पाठवली. फाईल कुंट्यांच्या हातात पडली असती तर ती कुठे गेली असती, हे मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी कुंट्यांनी मला बोलावलं. बसा म्हणाले नाहीत.

"लक्ष्मणराव, हे टिपण तुम्ही मागे घ्या."

"नंबर पडलाय साहेब."

"शेरा प्रतिकूल नाही. मी कोणाबद्दल वाईट लिहीत नाही."

"मग त्याच्यावरून माणूस घरी कसा पाठवता येईल?"

त्यांनी चष्मा काढला आणि रुमालाने पुसत बसले. फार सावकाश पुसला. "तुमचा त्याच्याशी घरोबा आहे. बसमध्ये जागा धरतो तो तुमची. दिसतं मला. तुमचं वय काय हो आता?"

"पंचावन्न."

"यादीचं अजून पक्कं झालेलं नाही," ते म्हणाले. "यादीत अ‍ॅम्पल जागा आहे."

मी पाच वर्षं तो शब्द त्यांच्या हस्ताक्षरात वाचत होतो. तो कसा टोचतो, हे मला त्या दिवशी कळलं. टिपण मी मागे घेतलं नाही. टेबलाशी येऊन बसलो. उगाच टाचण्यांचा डबा आवरत राहिलो.

समिती सोमवारी बसली. इतिवृत्त लिहायला मी होतो. हर्षदने टिपण वाचलं, दोनदा वाचलं आणि कुंट्यांना विचारलं की या माणसात नेमकी कुठली सुधारणा हवी आहे. कुंटे म्हणाले, एकंदरीत. हर्षद म्हणाला, एकंदरीत म्हणजे काय? उशिरा येतो? नाही. दारू? नाही. काम बिघडवलं? फोरमन पाचही वर्षं 'उत्तम' लिहीत आलाय, मग तुम्हाला असं काय दिसलं जे त्याला दिसलं नाही? कुंटे म्हणाले की दृष्टिकोनात. शेवटी वर्क्स मॅनेजर वैतागून म्हणाले, त्यालाच बोलवा.

उत्तमराव ग्रीसचे हात पुसत आला. हर्षदने त्याला मराठीत सांगितलं की तुमच्या अहवालात पाच वर्षं एक शेरा आहे, सुधारणेला भरपूर वाव आहे असा, तो तुम्हाला कधी कळवला होता का?

"नाही."

"तुम्हाला त्यावर काही म्हणायचंय?"

उत्तमरावने हर्षदकडे बघितलं नाही. तो कुंट्यांकडे बघत होता.

"कशात?" त्याने विचारलं.

कुंटे समोरच्या कागदांचे कोपरे जुळवत होते. ते आधीच जुळलेले होते.

"साहेब, तुम्हाला इचारलं. कशात? पाच वर्षांत एकदा सांगितलं असतं तर सुधारलो असतो की."

कुंटे म्हणाले, "तुम्ही जाऊ शकता."

तो गेल्यावर हर्षदने नवव्या नावावर काट मारली. दया म्हणून नाही. तो म्हणाला, हे कोर्टात टिकणार नाही, कंपनी उगाच अडकेल. वर्क्स मॅनेजरनी मान हलवली. माणसं तीसच कमी करायची होती, त्यामुळे नवव्या जागी स्टोअरच्या हिम्मतरावचं नाव आलं. त्याच्या दोन अहवालांत नुसतं 'साधारण' होतं, आणि ते त्याला वेळेवर कळवलेलं होतं. ती यादीही मीच टाइप केली.

त्या संध्याकाळी उत्तमराव गेटपाशी माझी वाट बघत उभा होता. मला वाटलं, तो आभार मानेल. खरं सांगायचं तर मी मनात उत्तरही तयार ठेवलं होतं, त्यात काय, नियमाप्रमाणे केलं, असं.

"टिपण तुम्ही लिहिलं म्हणे," तो म्हणाला.

"हो."

"ते अहवाल कोणाकडं असतेत?"

"कपाटात."

"किल्ली?"

मी म्हणालो, माझ्याकडे.

"पाचही वर्षं?"

मी मान हलवली. त्याने डब्याची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"कुंट्याला तर मी रोज शिव्या देत होतो लक्ष्मणराव," तो म्हणाला. "तुमच्यासाठी जागा धरत होतो."

एवढं बोलून तो बसमध्ये चढला. मी त्या दिवशी तारनाक्यापर्यंत चालत गेलो आणि तिथून सिटी बस पकडली.

कुंटे अठ्ठ्याण्णवच्या सप्टेंबरमध्ये निवृत्त झाले. माझं नाव कुठल्याच यादीत आलं नाही. त्यांनी प्रयत्न केला नाही की प्रयत्न फसला, मला माहीत नाही. निरोपाच्या कार्यक्रमात कंपनीने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्यांनी खोक्याचं झाकण जरा उचलून आत बघितलं आणि शेजारच्या माणसाला म्हणाले, मागच्या वेळी अकाउंट्सवाल्याला दिलेलं याच्यापेक्षा मोठं होतं. सुनंदाबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांच्या पुढ्यात सामोशाची बशी होती आणि त्यांनी कोणाला न विचारता दुसरा सामोसा घेतला. त्या कार्यक्रमातलं मला आवडलेलं तेवढंच.

बस अजून तीच आहे. यादीनंतर माणसं कमी झाली, तरी उभं राहावं लागतं, कारण सहा सीटची गादी फाटली ती कोणी शिवली नाही. उत्तमराव मधल्या रांगेतच बसतो आणि शेजारी डब्याची पिशवी ठेवतो. पहिल्या दिवशी, म्हणजे समितीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मी विद्यानगरला चढलो आणि सवयीने त्याच्यापाशी जाऊन उभा राहिलो. त्याने पिशवी उचलली नाही. माझ्याकडे बघितलं, मग खिडकीबाहेर बघितलं. मी दांडी धरून नाचारमपर्यंत उभा राहिलो. दुसऱ्या दिवशीही. आठवड्याभराने मी त्याच्यापाशी थांबायचं सोडलं. टेस्ट बेंचवर कागद घेऊन गेलो तर तो सही करतो आणि कागद परत देतो. काही बोलत नाही.

कुंटे गेल्यावर ड्रायव्हरच्या मागची ती सीट रिकामी राहू लागली. तिथे बसायला कोणी तयार नव्हतं, पोरं म्हणायची की बसलं तर कुंट्यांसारखं डोक्यावर टक्कल पडेल. एका सकाळी मी चढलो, मधल्या रांगेवरून नजर काढून घेतली आणि उभा राहिलो. यादगिरीने आरशातून बघितलं.

"सामने बैठो साब," तो म्हणाला. "अ‍ॅम्पल जगा है."

सगळी बस हसली. मागे वळून बघितलं असतं तर उत्तमराव हसतोय की नाही ते कळलं असतं. मी बघितलं नाही. तेव्हापासून मी त्या सीटवर बसतो, खिडकीशी नाही, अलीकडच्या बाजूला. पिशवी मांडीवर ठेवतो. खिडकीकडची जागा विद्यानगरपासून नाचारमपर्यंत रिकामी असते. माझ्या शेजारी येऊन कोणी बसत नाही.